छोट्या पॉवर सर्व्हरला एचएमसी घ्यावा का? पाच वर्षं वापरून सांगतोय

एचएमसी म्हणजे आयबीएमच्या पॉवर सर्व्हरमधली पार्टिशन (एकाच मशीनचे स्वतंत्र सर्व्हरसारखे चालणारे भाग) बनवायचं आणि सांभाळायचं वेगळं कन्सोल. भोसरी एमआयडीसीत आमचा गाड्यांच्या पार्ट्सचा कारखाना आहे. ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) आयबीएम आय या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं, सर्व्हर पॉवर9 चा एस914, 4 कोरवाला. या 4 कोरच्या मॉडेलला मेमरी 64 जीबीच्या वर जातच नाही, आणि त्यातच प्रॉडक्शन, टेस्ट आणि बिलिंगचं लिनक्स अशी तीन पार्टिशन बसवायची, म्हणजे एकेक जीबीचा हिशोब ठेवावा लागतो. घेताना एका विक्रेत्याने ठामपणे सांगितलं की एवढ्याशा मशीनला एचएमसी कशाला, उगाच खर्च. तेव्हा त्याचं ऐकलं नाही ते बरंच झालं.

आधीच्या पॉवर7 च्या 720 वर आम्ही एचएमसीऐवजी आयव्हीएम हे पार्टिशन सांभाळायचं साधं टूल वापरायचो. व्हीआयओएसमध्येच (डिस्क आणि नेटवर्क बाकीच्या पार्टिशनना वाटून देणारं पार्टिशन) येतं, ब्राउझरमधून चालतं, वेगळी मशीन लागत नाही, आणि एकट्या सर्व्हरला खरंच सोपं होतं. पण त्यात व्हीआयओएस एकच ठेवता येतो आणि सगळ्या डिस्क, नेटवर्क त्याच्याच ताब्यात, म्हणजे तो रिबूट करायचा तर सगळी पार्टिशन बंद. शिवाय पॉवर8 पासून आयव्हीएम चालतच नाही, त्यामुळे आज नवीन सर्व्हर घेताना तो पर्याय डोक्यातून काढूनच टाका. आयबीएम आय च्या आतलं व्हर्च्युअल पार्टिशन मॅनेजर पार्टिशन बनवायला आहे, पण मेमरी बदलायची तर पार्टिशन बंद करून चालू करावं लागतं. नोव्हालिंक हा आणखी एक पर्याय ओपनस्टॅकवाल्या (क्लाउड चालवायचं सॉफ्टवेअर) मोठ्या सेटअपसाठी ठीक, आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग नाही.

आम्ही व्हर्च्युअल एचएमसी (वेगळ्या डब्याऐवजी सॉफ्टवेअर म्हणून चालणारा) घेतला आणि वेगळ्या व्हीएमवेअर होस्टवर टाकला. ज्या सर्व्हरला सांभाळायचंय त्याच्यावरच तो ठेवायचा नसतो. लोकांना एक भीती असते की एचएमसी बंद पडला तर पार्टिशन पण पडतील. तसं अजिबात नाही, पार्टिशन चालूच राहतात, फक्त तेवढ्या वेळात तुम्हाला बदल करता येत नाहीत. आणि हो, एचएससीरूटचा (एचएमसीचा मुख्य अ‍ॅडमिन युजर) डिफॉल्ट पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, तो सगळ्या जगाला माहितीये.

आता जे अनुभवातून शिकलो ते. मार्चएंडला बिलिंगच्या लिनक्सची मेमरी चालू असतानाच 6 वरून 10 जीबी केली, डीएलपारने (पार्टिशन बंद न करता मेमरी वगैरे बदलायची सोय), कोणाला कळलं पण नाही. मग जूनमध्ये गुरुवारी, आपल्याकडे लाइटचं मेंटेनन्स असतं तेव्हा, मशीन पूर्ण बंद केली, संध्याकाळी प्रोफाइल (एचएमसीत साठवलेली पार्टिशनची सेटिंग्ज) देऊन चालू केली तर लिनक्स परत 6 वर, स्वॅप भरलेला आणि डिस्पॅचवाले फोनवर फोन. डीएलपारचा बदल प्रोफाइलमध्ये आपोआप जात नाही. प्रोफाइल सिंकचं सेटिंग चालू करायचं असतं, ते आम्ही केलंच नव्हतं, चूक आमचीच. आता ते चालू आहे. आणि लिनक्सला डीएलपार चालायला एचएमसीशी बोलणारी आरएससीटीची पॅकेजेस लागतात आणि एचएमसीपर्यंत 657 पोर्ट उघडा लागतो, आयबीएम आय ला ही भानगड नाही.

दुसरं म्हणजे मॅक्सिमम मेमरी, म्हणजे पार्टिशनची मेमरी जास्तीत जास्त किती वाढवता येईल तो आकडा. सगळ्यांना सवय असते की असू दे, पुढे लागेल म्हणून 64 टाकून ठेवायचं. पण हायपरवायझर (सगळी पार्टिशन चालवणारा सर्व्हरचा आतला थर) पेज टेबल, म्हणजे मेमरीचा नकाशा, या आकड्यावरूनच बनवतो, आयबीएम आय ला साधारण चौसष्टावा भाग, म्हणजे 8 जीबीच्या टेस्ट पार्टिशनला मॅक्सिमम 64 दिलं की 1 जीबी नुसती टेबलात जाते. आमच्याकडे ते 16 केलं, पाव जीबीत भागलं. हा आकडा बदलायला मात्र पार्टिशन बंद करावंच लागतं, त्यामुळे पहिल्यांदाच नीट विचार करून टाका.

एचएमसीचा जुना क्लासिक स्क्रीन गेल्यावर नवा इंटरफेस मला बरेच दिवस पचला नाही, साधी गोष्ट शोधायला चार क्लिक. म्हणून मी जास्त करून एसएसएचवरूनच (दुसऱ्या मशीनवर कमांड द्यायचं लॉगिन) काम करतो, व्हीटीमेन्यू कमांडने पार्टिशनचं कन्सोल उघडतो. एसएसएचमधून आत गेला असाल तर कन्सोलमधून बाहेर पडताना टिल्ड (~) डॉट मारला की एसएसएचच तुटतं, दोन टिल्ड आणि मग डॉट मारायचा.

माझ्या मते एकच सर्व्हर असला तरी एचएमसी घ्याच, आणि व्हीएमवेअर आधीच असेल तर व्हर्च्युअलच. मी आता दर बुधवारी संध्याकाळी प्रोफाइल डेटाचा बॅकअप काढून एचएमसीच्या बाहेर दुसऱ्या मशीनवर ठेवतो, मग गुरुवारी लाइट कितीही वेळ जाऊ दे.