नागपूरच्या धंतोलीतलं अल्ट्रासाऊंड फिजिक्सचं वर्कशॉप: जावं का?
फिजिक्स म्हटलं की बारावीपासूनच झोप येते आपल्याला, पण इथे सरांनी स्लाइड बाजूला ठेवून थेट मशीनच सुरू केली आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातले टीआय (थर्मल इंडेक्स, म्हणजे अंगातला भाग किती तापू शकतो याचा अंदाज) आणि एमआय (मेकॅनिकल इंडेक्स, म्हणजे लहरींच्या दाबानं इजा होण्याच्या शक्यतेचा अंदाज) हे आकडे दाखवले, रोज दिसतात पण बघतं कोण! बी-मोडवरून, म्हणजे नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या इमेजवरून, रक्तप्रवाह मोजणारा पल्स डॉपलर लावला की टीआय कसा झपकन चढतो ते डोळ्यांनी पाहिलं, म्हणूनच पहिल्या तिमाहीत बाळाचे ठोके एम-मोडवर (एकाच रेषेवरची हालचाल दाखवणारा मोड) मोजायचे, आणि इमेज अंधारी वाटली तर आधी गेन (परत आलेला सिग्नल मोठा करणारं बटण) वाढवा, पॉवर नाही, कारण गेननं पेशंटच्या अंगात जास्तीची एनर्जी जात नाही. हे लय भारी समजावलं. प्रोब (अंगावर फिरवायचं यंत्र) मात्र दोनच, त्यामागे ही रांग, आणि एसी तर बाप्पा नावालाच. जेवण ठीक. फी जरा जास्तच, तरी नवीन रेसिडेंट डॉक्टर असाल तर जाच.