नोकरी सुटल्यावर आरोग्य विमा: ग्रुप पॉलिसीतून मायग्रेशन की नवी पॉलिसी?

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसाबरोबरच संपतो. म्हणून हा निर्णय नोटीस पिरियडमध्येच घ्या, फुल अँड फायनल म्हणजे शेवटच्या हिशोबाची वाट बघू नका. मुख्य पर्याय दोन: त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम) पॉलिसीत मायग्रेट होणं, नाहीतर बाजारातून नवी पॉलिसी घेणं.

बहुतेक जण आधी प्रीमियम विचारतात. माझं कळकळीचं सांगणं, आधी वेटिंग पिरियड विचारा, म्हणजे क्लेम मिळण्याआधी किती थांबावं लागेल ते. समजा, ग्रुप पॉलिसीत आईचंही नाव आहे, तिला मधुमेह आहे आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन तोंडावर आलंय. नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांना सहसा 2 वर्षं थांबावं लागतं, आणि आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त 3 वर्षं. मायग्रेशनमध्ये मात्र ग्रुपमध्ये काढलेली वर्षं धरली जातात. मेख एवढीच, की ही सवलत जुन्या रकमेपुरती. ग्रुपचं कव्हर 5 लाखांचं असेल आणि तुम्ही 10 लाखांचं घेतलंत, तर वरच्या 5 लाखांना नव्याने थांबायचं. शिवाय विमा कंपनी तपासण्या मागू शकते, नकारही देऊ शकते. अर्ज लवकर करायचा तो यासाठीच.

तुम्ही तिशीच्या आतले, एकटे आणि धडधाकट असाल, तर मी नवी पॉलिसीच घ्या म्हणेन. रूम रेंटची मर्यादा नसलेली, जवळची हॉस्पिटलं कॅशलेस यादीत असलेली पॉलिसी निवडता येते. मायग्रेशनमध्ये निवड त्या एका कंपनीपुरतीच. अर्थात तिथे कायमचं अडकायला होत नाही. पुढच्या नूतनीकरणाला दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येतं. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय, तो दोन्हीकडे सारखाच.

जोडीदाराच्या ऑफिसच्या पॉलिसीत नाव घालता आलं तर उत्तमच, पण वर्षाच्या मध्ये घेतात का ते त्यांच्या एचआरला विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, मात्र ठरावीक उपचारांना आणि योजनेतल्याच हॉस्पिटलांत. ती हाताशी असू द्या, सगळी भिस्त तिच्यावर नको.

ऑफिसचं लॉगिन बंद होण्याआधी ई-कार्ड, पॉलिसीचा तपशील आणि जुन्या क्लेमची कागदपत्रं स्वतःच्या मेलवर घ्या. अर्जात आईचा मधुमेह स्पष्ट लिहा. दडवलात तर उद्या क्लेम नाकारायला तेवढंच कारण पुरतं.