पंजाबी ढोल घेताय? खोड फुगीर हवं की सरळ?

पंजाबी ढोलाच्या दुकानात आधी रंग दाखवतात, मग दोरीचा हवा की नटबोल्टचा ते विचारतात. खोडाच्या, म्हणजे ढोलाच्या पोकळ लाकडी अंगाच्या, आकाराचा विषय मात्र आपणच काढावा लागतो. पान, म्हणजे तोंडावर ताणलेला पडदा, फाटलं तर नवं चढवता येतं, दोरी झिजली तर बदलता येते, पण खोड एकदा घेतलं की घेतलं.

पंजाबातलं रूढ खोड मध्ये फुगीर आणि दोन्ही तोंडांशी निमुळतं असतं. फुगवटा किती, हे मात्र कारागिरागणिक बदलतं आणि काही खोडं जवळजवळ सरळ नळकांड्यासारखी असतात. आपल्या ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांचा कल साहजिकच या सरळ खोडाकडे जातो, कारण पथकाचा ढोल तसाच असतो. पण तिथे एकाच वेळी कितीतरी ढोल घुमत असतात आणि वरचा कडकडाट ताशा सांभाळतो. भांगड्यात बहुतेकदा ढोली एकटाच. डग्गा, म्हणजे जाड वाकडी काठी, एका तोंडावर खर्ज काढते. दुसऱ्या तोंडावर तिल्ली, म्हणजे बारीक वेताची छडी, कडकडते. दोन्ही कामं एकाच खोडाकडून करून घ्यायची असतात.

तोंडाचा व्यास तेवढाच ठेवून पोट फुगवलं की आत हवा जास्त मावते. दोन्ही पानं या हवेनेच एकमेकांशी बांधलेली असतात. त्यामुळे फुगीर खोडात डग्ग्याचा ठोका खाली उतरतो आणि किंचित रेंगाळतो. वरातीत, मोकळ्या रस्त्यावर हाच गुण कामाला येतो. सरळ खोडाचा ठोका कोरडा, लवकर आटपणारा. तिल्लीची बारीक कामं त्यात सुटी ऐकू येतात. अर्थात डग्ग्याच्या पानाला आतून लावलेला मसाला, म्हणजे आवाज जड करणारा लेप, कमी पडला, तर फुगवटा कितीही असला तरी खर्ज निघणार नाही.

फुगीर खोड घेताना एक गोष्ट नक्की तपासा. बाहेरून पोट काढलेलं आणि आतून सरळच कोरलेलं खोड असेल, तर मधली भिंत नुसती जाड राहते. हवा वाढत नाही, वजन वाढतं. पान चढवण्याआधी आत हात फिरवून बघायला मिळालं तर उत्तम; चिरा भुशाने बुजवून वर रंग मारलाय का, तेही तेव्हाच कळतं. एकाच ओंडक्यातून फुगीर खोड काढायचं तर ओंडका जाड लागतो आणि लाकूड वाया जातं, त्यामुळे फार स्वस्तात मिळालं तर शंका घ्यावी.

वजन गळ्यात ढोल अडकवल्याशिवाय कळत नाही. लाहोरच्या शाह जमाल दर्ग्यावर ढोलवादक पप्पू साईं गळ्यात ढोल घेऊन गरगर फिरत वाजवायचे. आपण तेवढं करणार नसलो, तरी नाचणाऱ्यांबरोबर तासभर हलायचं असतंच. आंब्याचं खोड हलकं, शिसवीचं जड. पहिला ढोल आंब्याचाच घ्यावा, असं माझं मत. फुगीर खोड पोटाला मध्येच टेकतं आणि हात लांबून वळवावे लागतात. उंची कमी असेल तर याचा त्रास होतो. सरळ खोड अंगाला नीट लागून राहतं.

दोरी की बोल्ट, हा प्रश्न आकारापेक्षा वेगळा. दोरीत दोन्ही पानं एकत्र ताणली जातात, बोल्टमध्ये वेगवेगळी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चामडं सैल पडतं, तिथे बोल्ट सोयीचे.

एकट्याने, उघड्यावर वाजवणार असाल तर मी फुगीर खोडच सांगेन. सभागृहात माइकसमोर वाजवायचं असेल, किंवा दोन-चार ढोली एकत्र असतील, तर रेंगाळणारा खर्ज गोंधळ करतो. तिथे कमी फुगवट्याचं किंवा सरळ बरं. लहान मुलासाठी तर सरळ आणि आखूडच.

दुकानात स्वतः वाजवून लगेच ठरवू नका. ढोल गळ्यात असताना वाजवणाऱ्याच्या कानावर तिल्लीच जास्त येते. सोबतच्या माणसाला रस्त्यापलीकडे उभं करा, साधी चाल वाजवा आणि डग्गा तिथवर पोचतो का, ते त्याला विचारा.