पेशंट असेसमेंटचं प्रश्नांचं अ‍ॅप, सात महिने वापरून झाल्यावर

थर्ड इयरला लागल्या लागल्या हे घेतलं, आता सात महिने झाले, रोज नाही पण आठवड्यातून चार-पाच दिवस वीस-पंचवीस प्रश्न होतातच, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

सगळ्यात आवडलं ते उत्तराखालचं स्पष्टीकरण. आपण टिक केलेला पर्याय का चुकला तेही लिहिलेलं असतं. पोट तपासताना आधी बघायचं, मग स्टेथो लावून ऐकायचं, ठोकणं-दाबणं नंतर, हा क्रम फर्स्ट इयरपासून पाठ होता पण का असं विचारलं की मी गप्प. आधी दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलू शकतात म्हणून, हे इथे कळलं. बीपीचा कफ दंडाला लहान पडला तर रीडिंग खोटंच जास्त येतं हेही एकदा सणकून चुकवलं, आता विसरणार नाही.

जीसीएसचे (पेशंट किती शुद्धीवर आहे ते डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देऊन मोजायचं) प्रश्न तर भारीच. नुसतं किमान स्कोअर किती असलं नाही (3 असतो, शून्य नाही, अर्धी बॅच इथे आपटते). पेशंट दुखवल्यावरच डोळे उघडतो, शब्द येतात पण भलतेच, दुखवलं तिथे बरोब्बर हात नेतो, सांगा किती. 2, 3 आणि 5, म्हणजे 10. असे तीसेक केले की तक्ता बघावा लागत नाही.

आता रडगाणं. एका प्रश्नात मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 22 म्हणजे नॉर्मल असं उत्तर आणि खाली त्यांच्याच स्पष्टीकरणात 12 ते 20!! कळवलं, तीन आठवड्यांनी थँक्यू आलं, प्रश्न अजून तसाच. पिटिंग इडिमाचे (दाबलं की खड्डा पडतो ती सूज) फोटो इतके धूसर की 2+ काय नि 3+ काय. आणि व्हीझ, क्रॅकल्स असे स्टेथोतून ऐकायचे छातीतले आवाज, त्यांचं सगळं लिहून वर्णन, आवाज एकही नाही, वाचून कान कसा तयार होणार?

बाकी माझीच एक फजिती सांगते. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, हा प्रश्न दोन दिवस आधी बरोबर आलेला, आणि वॉर्डात मी काय म्हणाले तर, "आजोबा, आता तुमचा श्वास मोजते हं." आजोबांनी लगेच छाती फुगवून असे लांब लांब श्वास सुरू केले की मिनिटात 9 भरले. मागून मॅडम हळूच म्हणाल्या, "थोड्या वेळाने परत मोज, मनगट धरूनच ठेव, त्यांना वाटू दे नाडीच बघतेयस." प्रश्नात सगळी माहिती एका ओळीत आयती मिळते, वॉर्डात ती आपणच काढायची असते, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

म्हणून हल्ली पर्याय हाताने झाकून आधी मीच उत्तर बोलते आणि जमेल ते रूममेटवर करून बघते. फायनलपर्यंत रिन्यू करणार आहे, रूममेट मात्र पोट ठोकून घ्यायला आता तयार नाही.