व्हाइट कॅसल : काउंटरवरची पिशवी घ्यावी की फ्रीजरमधला खोका?

न्यू जर्सीतल्या पहिल्या दोन हिवाळ्यांत आमच्या फ्रीजरमध्ये व्हाइट कॅसल या अमेरिकन बर्गर-साखळीच्या स्लायडरचा, म्हणजे छोट्या चौकोनी बर्गरचा, खोका कायम असायचा. आता नसतो. नव्याने आलेली मित्रमंडळी विचारतात, की सुपरमार्केटमध्ये तेच मिळतं तर गाडी काढून दुकानात कशाला जायचं? प्रश्न रास्त आहे. दोन्ही भरपूर खाऊन झाल्यावर माझं जे मत झालं, ते सांगतो.

आधी खोक्याची बाजू, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. १९८७ पासून हे गोठवलेले स्लायडर सुपरमार्केटमध्ये मिळतात, आणि गोठवणं या बर्गरला इतरांपेक्षा जास्त मानवतं. तो मुळात खरपूस नसतोच. तव्यावर कांदा पसरतात, त्यावर मांसाची चौकोनी चकती, तिच्यावर पाव. खालून कांद्याची वाफ वर चढते आणि तिच्यातच सगळं शिजतं. चकतीला पाच भोकं असतात, ती १९५४ पासून. वाफ त्यांतून वर जाते, त्यामुळे चकती उलटावी लागत नाही. वाफेवर झालेला पदार्थ पुन्हा वाफेवर गरम केला, तर फारसं काही हरवत नाही. रात्री अकराला एकट्याला भूक लागली, की दोन स्लायडर मिनिटभरात तयार. लोणच्यातल्या काकडीची चकती तेवढी खोक्यात नसते, ती आपली आपण घालायची. शिवाय कॅलिफोर्नियात किंवा जॉर्जियात राहणाऱ्याला निवडीचा प्रश्नच नाही, तिकडे यांची दुकानं नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेत १९३२ साली चॅटनुगात सुरू झालेलं क्रिस्टल नावाचं दुकान आहे. तेही छोटे चौकोनी बर्गरच विकतं, पण त्यावर मोहरीचा सॉस असतो. चव वेगळी, म्हणून त्याला इथे धरत नाही.

दुकानात मात्र जेवणाबरोबर ती किल्ल्यासारखी वास्तूही मिळते, आणि मला तिचं खरंच अप्रूप आहे. १९२१ साली कॅन्ससमधल्या विचिटात वॉल्टर अँडरसन आणि बिली इन्ग्रम यांनी पाच सेंटला एक या भावाने बर्गर विकायला सुरुवात केली. त्या काळात खिम्यावर लोकांचा विश्वास नव्हता, कत्तलखान्यांच्या घाणीचे किस्से घरोघरी पोचले होते. म्हणून पांढरा रंग स्वच्छतेचा आणि किल्ला भक्कमपणाचा, असं ठरलं. नमुना घेतला तो शिकागोच्या वॉटर टॉवरचा, १८७१ च्या आगीतून वाचलेल्या इमारतीचा. बुरूज आला, तटावरच्या चर्या आल्या. ज्या देशात मध्ययुग झालंच नाही, तिथे किल्ला म्हटल्यावर लाखो लोकांच्या डोळ्यांपुढे हे पांढरं दुकान यायला लागलं. मिलवॉकीत १९२६ साली ‘व्हाइट टॉवर’ नावाने हुबेहूब नक्कल निघाली. ते भांडण कोर्टात गेलं, आणि १९३७ साली अपिलातही व्हाइट कॅसलचीच सरशी झाली. पुढे इनॅमल चढवलेल्या पोलादी पत्र्यांचे सुटे करता येणारे किल्ले आले. मिनीॲपोलिसमधला १९३६ चा असाच एक किल्ला उचलून दुसऱ्या जागी नेऊन जपलाय. राजगड-रायगडावर चढून वाढलेल्या माणसाला पत्र्याचा किल्ला किरकोळ वाटेल. मला नाही वाटत. नव्या दुकानांत बुरूज बराच आटोपशीर झालाय, तरी रस्त्यावरून तो दिसला की बरं वाटतं.

पण माझा निर्णय बुरुजाने झाला नाही, पंगतीने झाला. एका फेब्रुवारीत बाहेर बर्फ पडत होतं आणि घरी सात माणसं आली. खोके होते, म्हणून मी निर्धास्त होतो. आमच्या मायक्रोवेव्हमध्ये एका वेळी दोनच स्लायडर नीट गरम होतात. चार ठेवले तर मधले गार राहतात आणि कडेचे चिवट होतात. दोन काढायचे, दोन घालायचे. पाचव्या माणसाला गरम मिळेपर्यंत पहिल्याच्या ताटलीतला पाव कालच्या पोळीसारखा ताठ झालेला. बायको म्हणाली, “अरे, तू बस की आमच्यात!” मी शेवटपर्यंत ओट्यापाशीच उभा. स्लायडर हा एकट्याने एक खायचा पदार्थ नाहीच, सगळ्यांनी एकदम पिशवीत हात घालायचा पदार्थ आहे. तेच खोक्यातून होत नव्हतं.

दुकानात दहाची पिशवी घ्या, नाहीतर तीसची पेटी. सगळे एकाच वेळी गरम असतात. पुठ्ठ्याच्या छोट्या खोळीतून एक बाहेर काढला, की पावाला बोटाचा ठसा उमटतो इतका तो मऊ असतो, आणि खालच्या पावाला पारदर्शक कांदा चिकटलेला असतो. बीफ न खाणाऱ्यांसाठी २०१८ पासून वनस्पतीजन्य इम्पॉसिबल स्लायडर आहे. तो वेगळ्या तव्यावर होतो का, हे ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्यांनी काउंटरवर विचारून घ्यावं.

तुम्ही एकटे राहत असाल, दुकान तासभर लांब असेल, तर खोकाच घ्या. त्यात कमीपणा काही नाही. पण घरात चार माणसं असतील आणि बुरूज वीस मिनिटांवर असेल, तर मी गाडी काढेन. कांद्याचा वास दोन दिवस सीटवरून जात नाही, आणि पिशवी घरी पोचेपर्यंत त्यातले दोन-तीन कमी झालेले असतात. म्हणून आम्ही तीस सांगतो.