ग्रेलॉग: राउटर-स्विचचे लॉग एका जागी, रावेर-यावलच्या लाईनवरून

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. तुमच्याकडे वीस-पंचवीसच्या वर राउटर-स्विच असतील, ते चार गावांत पसरलेले असतील आणि "नेट का गेलं?" याचं उत्तर तुम्हालाच फोनवर द्यावं लागत असेल, तर ग्रेलॉगची, म्हणजे सगळ्या डब्यांचे लॉग (काय-काय घडलं त्याच्या नोंदी) एका जागी गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरची, फुकट आवृत्ती डोळे झाकून बसवा. एकाच इमारतीत सहा स्विच असतील तर याच्या नादी लागू नका. लिनक्सवर आरसिसलॉग (आलेले लॉग फाईलमध्ये लिहिणारा प्रोग्राम) चालू करा, फाईलवर ग्रेप मारा, म्हणजे हवा तो शब्द शोधा, आणि चहाला जा.

मी भुसावळहून चालणाऱ्या एका लहान इंटरनेट सेवेचं नेटवर्क बघतो. फैजपूर, सावदा, रावेर, यावल या पट्ट्यात आमचे पॉप आहेत. पॉप म्हणजे आमच्या तारा जिथे येऊन मिळतात ती जागा: कुणाच्या तरी दुकानामागची खोली, नाहीतर गच्चीवरचं पत्र्याचं कपाट. आत एक मायक्रोटिक (राउटर), एक ओएलटी (ग्राहकांच्या घरी जाणारे फायबर जिथून निघतात तो डबा), एक स्विच आणि इन्व्हर्टर. मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या पुढे असतो, कपाटात किती होत असेल ते विचारू नका. वादळी वारा सुटला की शेतात केळी आडव्या होतात आणि रस्त्यावर आमच्या तारा. वीज जाते ती वेगळीच.

आणि वीज गेली की खरी पंचाईत होते. मायक्रोटिक मूळ सेटिंगवर शेवटच्या १००० ओळी मेमरीत ठेवतो. सिस्कोच्या राउटर-स्विचचा बफर (लॉगसाठीची मेमरी) तर कित्येक मॉडेलांत अवघा ४०९६ बाइटचा, म्हणजे चाळीसएक ओळींतच तो भरला. इन्व्हर्टर उतरला, डबा बंद पडला, पुन्हा चालू झाला की मागचं सगळं साफ. ज्या पाच मिनिटांत काय झालं ते हवं असतं, नेमकी तीच पाच मिनिटं गायब. म्हणून लॉग त्या डब्यात ठेवून उपयोग नाही, ते दुसरीकडे गेले पाहिजेत.

दुसरीकडे पाठवायची सोय जुनीच आहे. सिसलॉग १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेल सर्व्हरसाठी लिहिला, आणि आज गल्लीतल्या स्विचपासून मोठ्या राउटरपर्यंत सगळे तोच बोलतात. ओळी जातात युडीपीने (पोचली की नाही हे न बघता पाठवायची पद्धत), पोर्ट ५१४ वर. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कोनी कंसात एक आकडा असतो: फॅसिलिटी (ओळ कोणत्या प्रकारच्या स्रोताची, त्याचा क्रमांक) गुणिले ८, अधिक गांभीर्य. सिस्कोकडून १८९ आला तर लोकल-७ या फॅसिलिटीची २३ गुणिले ८ आणि वर ५, म्हणजे 'नोटीस'. गांभीर्य ० ते ७. आकडा जितका लहान तितकं प्रकरण मोठं. आमच्या नव्या पोरांना हे उलटं वाटतं, दोन दिवसांत सवय होते.

ओळी पाठवणं सोपं. त्या साठवायच्या, शोधायच्या आणि रात्री दोनला त्यातली कामाची ओळ फोनवर आणायची, तिथे ग्रेलॉग लागतं.

बसवताना ते थोडं छळतं. ग्रेलॉग एकटं येत नाही. सेटिंग ठेवायला मोंगोडीबी, लॉग ठेवायला ओपनसर्च (नव्या आवृत्त्यांत त्यांचा स्वतःचा डेटा नोड) आणि मग ग्रेलॉग स्वतः. ऑफिसात पडलेल्या जुन्या पीसीवर बसवायचा विचार असेल तर आधी प्रोसेसर बघा: मोंगोडीबी ५.० पासून पुढे एव्हीएक्स (प्रोसेसरमधली सूचनांची एक सोय) नसलेल्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही, आणि कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या मशीनमध्ये एव्हीएक्स नसतंच. रॅम ८ जीबीपेक्षा कमी असेल तर हात लावू नका. आमचं आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर निवांत चालतं. लिनक्सच्या कर्नलमधलं मॅक्स मॅप काउंट २,६२,१४४ करावं लागतं, नाहीतर ओपनसर्च उभंच राहत नाही आणि कारण लॉगच्या शेवटच्या पानावर कुठेतरी पुरून ठेवलेलं असतं. (लॉग बघायचं सॉफ्टवेअर बसवताना त्याचेच लॉग वाचायला लागतात, ही गंमत त्यांच्या लक्षात आली असेल की नाही कोण जाणे.) शिवाय ग्रेलॉग रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी युजर) म्हणून चालत नाही आणि ५१४ सारखे लहान पोर्ट रूटलाच मिळतात, त्यामुळे ५१४ वर थेट बसता येत नाही, १५१४ वर इनपुट उघडायचं आणि राउटरांना तोच पोर्ट सांगायचा, किंवा फायरवॉलमध्ये ५१४ वळवून द्यायचा.

डब्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांभाळा. मायक्रोटिकमध्ये रिमोट लॉगिंगला बीएसडी सिसलॉगची खूण करा, नाहीतर ओळ नुसती 'पीपीपीओई, पीपीपी, इन्फो' अशी उघडीवाघडी येते, ना वेळ ना नाव. आणि सोर्स अ‍ॅड्रेस लूपबॅकचा (कुठल्याच तारेवर अवलंबून नसलेला राउटरचा कायमचा आयपी) द्या, सिस्कोवरही तेच. नाही दिला तर मुख्य लाईन पडून बॅकअपवर गेलेला राउटर दुसऱ्याच आयपीने बोलायला लागतो आणि ग्रेलॉगमध्ये एकाच राउटरचे दोन राउटर दिसतात. नेमक्या गोंधळाच्या वेळी.

आता वेळेचं. सिसलॉगचा जुना साचा, जो २००१ च्या आरएफसी ३१६४ या इंटरनेटच्या दस्तऐवजात लिहून ठेवला, त्यात वर्ष नसतं आणि टाइमझोनही नसतो. सावद्याचा स्विच म्हणतो "संध्याकाळचे ७.१०", ग्रेलॉग ते युटीसी (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) समजतं, आणि ती ओळ रात्री १२.४० ला जाऊन बसते. 'शेवटची १५ मिनिटं' शोधली की काहीच सापडत नाही, कारण ओळ भविष्यात आहे. भारतातल्या प्रत्येकाला हा साडेपाच तासांचा फटका एकदा बसतोच. सिस्कोच्या ओळी तशाही नियमात बसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी सिसलॉग इनपुट न घेता 'रॉ' इनपुट घ्या. त्यात ओळ जशी आली तशी उतरते आणि आली ती वेळ लागते. मग पाइपलाइनमध्ये (आलेल्या ओळींवर नियम चालवायची ग्रेलॉगमधली जागा) एक नियम लिहून टक्क्याच्या खुणेनंतरचे तीन तुकडे वेगळे करा: कुणी सांगितलं, गांभीर्य किती, काय झालं. लिंक-३-अपडाऊन म्हटलं की लिंक, ३, अपडाऊन. एवढं एकदा केलं की शोधायची खरी मजा सुरू होते.

घड्याळं मात्र सगळ्या डब्यांवर एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवाच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) यांच्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलं आहे, आणि लॉग १८० दिवस ठेवायलाही. नव्या ग्रेलॉगमध्ये मूळ सेटिंगवर सोडलं तर महिना-सव्वा महिन्यात जुने इंडेक्स (लॉगचे साठे) पुसले जायला लागतात. इंडेक्स सेटमध्ये जाऊन ही मुदत पहिल्याच दिवशी वाढवा. आम्ही सात महिने ठेवतो.

आता ज्याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप पुन्हा करीन ते सांगतो.

ग्राहकाच्या घरातला ओएनयू, म्हणजे फायबरचा छोटा डबा, वीज गेली तरी लगेच मुका होत नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये जो थोडा चार्ज उरतो तेवढ्यावर तो ओएलटीला एक शेवटचा निरोप देतो: डाइंग गॅस्प. फायबर तुटला तर असा निरोप येत नाही. प्रकाशच गेला, निरोप जाणार कुठून? ओएलटी फक्त एलओएस, म्हणजे 'सिग्नल गेला', असं लिहितो. म्हणजे घराघरांतला काळोख आणि तुटलेली तार यांतला फरक ओएलटीच्या लॉगमध्ये आधीपासूनच असतो. पण दहा ओएलटींवर एकेक करून लॉगिन करून तो बघणार कोण?

ग्रेलॉगमध्ये मी एक डॅशबोर्ड केला आहे. वरच्या चौकटीत मागच्या पंधरा मिनिटांतले गॅस्प, खालच्या चौकटीत एलओएस, दोन्ही ओएलटी आणि पॉन पोर्टप्रमाणे (ओएलटीवरचा एकेका फायबरचा पोर्ट) मोजलेले. वादळ आलं, फैजपूरकडच्या तीन-चार पोर्टांवर वरची चौकट भराभर वाढली, खालची जवळपास तशीच, तर लाईट गेली. कुणाला पाठवायचं नाही. वरची चौकट शांत आणि खाली एकाच पोर्टवरचे झाडून सगळे गेले, तर त्या पोर्टच्या मुख्य तारेवर घाव आहे. लाईनमन दादांना एकच विचारायचं, "त्या रोडला जेसीबी चालू आहे का?" बहुतेक वेळा असतो.

आधी हे फोनवर चालायचं. "भो, नेट बंद पडलं ना." "लाईट आहे का घरी?" "लाईट नाही, पण नेट तर पाहिजे ना!" असे पंचवीस फोन झाले की मग कुठे अंदाज यायचा. दादा मोटारसायकल काढून पावसात रावेरपर्यंत जायचे आणि तिथून फोन करायचे, "अरे इथं तर पूर्ण गावच अंधारात आहे." आता पेट्रोल वाचतं. दादांची पाठही.

दुसरा किस्सा बँडविड्थ पुरवणाऱ्याचा. नाव घेत नाही. कित्येक दिवस संध्याकाळी सगळं नेटवर्क चार-पाच मिनिटं बसायचं आणि त्यांचं एकच उत्तर, "तुमचा राउटर रीस्टार्ट होतोय, बघून घ्या." ग्रेलॉगमध्ये आमच्या सिस्को राउटरची त्या वेळेची पाच-पाच मिनिटं काढली. सिस-५-रीस्टार्टची एकही ओळ नव्हती, म्हणजे राउटर जागाच होता. लिंक-३-अपडाऊनही नाही, म्हणजे आमच्या पोर्टवरचा प्रकाश गेलाच नव्हता. होतं ते फक्त बीजीपी-५-अ‍ॅडजचेंज, म्हणजे त्यांच्या राउटरशी बीजीपीचं (दोन नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवायचं) बोलणं तुटलं, आणि कारण 'होल्ड टाइम एक्सपायर्ड', म्हणजे वाट बघायची मुदत संपली. सिस्कोवर हा काळ मूळ सेटिंगवर १८० सेकंद असतो. म्हणजे तार जोडलेली, दिवा हिरवा आणि पलीकडून तीन मिनिटं चकार शब्द नाही. दोष आमच्या पोर्टच्या पुढे, त्यांच्याच वाटेत कुठेतरी. त्या ओळी मेलवर पाठवल्या. दोन दिवसांनी त्यांच्या मधल्या एका नोडवरचा स्विच बदलला गेला आणि संध्याकाळ शांत झाली. "आमचीच चूक होती" असं काही कुणी लिहून पाठवलं नाही, तेवढी अपेक्षाही नव्हती.

अलर्टचं काम फुकट आवृत्तीत होतं. मेल पाठवता येतो आणि एचटीटीपी नोटिफिकेशनमधून टेलिग्रामचा बॉटही जोडता येतो. पण हात आखडता ठेवा. सुरुवातीला हौसेने सगळ्यालाच अलर्ट लावावासा वाटतो, मग ग्रुपवर रात्रभर टिंगटिंग आणि सकाळपर्यंत सगळ्यांनी ग्रुप म्यूट केलेला. आमच्याकडे आता मोजकेच आहेत: बीजीपी पडलं, पॉपचा राउटर रीस्टार्ट झाला, ऑफिसबाहेरच्या आयपीवरून कुणी लॉगिन करून बघतंय, आणि मॅकफ्लॅप. हा शेवटचा फार कामाचा. डब्याची ओळख असलेला एकच मॅक अ‍ॅड्रेस एका स्विचच्या दोन पोर्टांवर उड्या मारतोय असं तो सांगतो, म्हणजे कुणीतरी केबलची दोन्ही टोकं एकाच जागी खोचून लूप केला. ओळीत दोन्ही पोर्टांची नावं येतात. एक पोर्ट बंद केला की नेटवर्क श्वास घेतं. एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सुट्टीनंतर हे हमखास होतं.

तक्रारी आहेत. जुने लॉग आवरून बाजूला ठेवायची आर्काइव्हची सोय पैसेवाल्या आवृत्तीतच मिळते. फुकटात तुम्ही ओपनसर्चचे स्नॅपशॉट काढत बसा. २०२० पासून, म्हणजे ४.० पासून, लायसन्स जीपीएल या खुल्या लायसन्सचं एसएसपीएल (जास्त अटींचं) झालं आहे. आपल्यासारख्या वापरणाऱ्याला फरक पडत नाही, पण तत्त्वाला धरून चालणारे नाक मुरडतात. आणि डिस्क भरत आली की ओपनसर्च इंडेक्स लिहायला बंद करतं. तोवर ओळी ग्रेलॉगच्या जर्नलमध्ये (डिस्कवरच्या तात्पुरत्या साठ्यात) साठतात आणि तेही मूळ सेटिंगवर ५ जीबीचंच. डिस्कवर लक्ष ठेवायला वेगळं काहीतरी लावाच.

बाकीचे पर्याय? स्प्लंक शोधायला याच्याहून सरस आहे, पण त्याचं फुकट लायसन्स दिवसाला ५०० एमबीपर्यंतच आणि त्यात अलर्ट नाहीत. अलर्ट नसेल तर आमच्या कामाचं नाही. पुढच्या लायसन्सचा खर्च आमच्या मालकांसमोर काढायची माझी हिंमत नाही. ज्यांच्याकडे लिब्रेएनएमएस (नेटवर्कवर लक्ष ठेवायचं फुकट सॉफ्टवेअर) आधीच चालू आहे त्यांनी त्यातलं सिसलॉगचं पान आधी वापरून बघावं, लहान नेटवर्कला तेवढं पुरतं.

एक दुखणं मात्र ग्रेलॉगचं नाही, युडीपीचं आहे. सावद्याचा मुख्य फायबर तुटला तर "माझी लिंक गेली" ही ओळ सावद्याचा राउटर पाठवणार कुठून? ती हवेत जाते आणि परत कुणी पाठवत नाही. अशा वेळी तुटलेल्या तारेच्या आपल्या बाजूच्या राउटरची ओळ बघायची, तो पडलेल्या शेजाऱ्याचं नाव सांगतो. पण तुटलेल्या वेळात पॉपच्या आत काय चाललं होतं, तापमान किती चढलं, इन्व्हर्टर कधी बसला, हे हातातून जातंच. म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक मोठ्या पॉपवर एकेक जुना थिन क्लायंट (छोटा पीसी) ठेवतोय. त्यावर आरसिसलॉग, डिस्कवरच्या क्यूसकट (थांबलेल्या ओळींची रांग): पॉपमधले डबे त्याला युडीपीने देतील, तो लाईन आली की टीसीपीने (पोचल्याची खात्री करत) भुसावळला पाठवेल. रास्पबेरी पाय स्वस्तात पडला असता, पण गच्चीवरच्या कपाटातल्या उकाड्यात एसडी कार्ड किती टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून छोटी एसएसडी घेतली. पहिला डबा सावद्याला बसला आहे, रावेरचा कपाटात जागा करायची म्हणून अडलाय.