गोव्याच्या दमट हवेत टू-पार्ट इपॉक्सी: उन्हाळा आणि अख्खा पाऊस वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, माल चांगला आहे. टू-पार्ट इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव, मापात मिसळले की काचेसारखा कडक थर होतो. पण डब्यावरच्या सूचना 25 अंश आणि कोरडी हवा धरून लिहिलेल्या असतात आणि आमच्या कुंभारजुव्याच्या खाडीकाठी या दोन गोष्टी एकत्र मिळायच्या तर जानेवारीच उजाडायला हवा. ब्रँडचं नाव टाकत नाही, कारण खालचं बहुतेक सगळं कुठल्याही दोन भाग रेझिन एक भाग हार्डनरवाल्या क्लिअर किटला लागू पडतं. फणसाच्या लाकडाचं मागचं दार, जेवणाचं टेबल, गणपतीचा चौरंग आणि मेव्हण्याच्या फायबर होडीचा तळ, एवढ्या ठिकाणी वापरलं.

होडीपासून सुरू करतो कारण वाद तिथे झाला. फायबरचं काम करणारा मेस्त वर्षानुवर्षं पॉलिस्टर रेझिनवाला (फायबरकामाचं नेहमीचं, इपॉक्सीहून वेगळं रेझिन), त्यामुळे मिसळायच्या पहिल्याच मगाला "थोडा जास्त घालूया बाब, पाऊस येतोय" म्हणून हार्डनरची बाटली उचलली. पॉलिस्टरमध्ये ते थोडंफार खपतं, तिथे हार्डनर म्हणून घातलेलं एक-दोन टक्के पेरॉक्साइड फक्त रिअ‍ॅक्शन पेटवून देतं, पुढचं रेझिन आणि त्यात आधीच असलेलं स्टायरिन आपापसात बघून घेतात. इपॉक्सीत हार्डनर म्हणजे अमाइन, आणि ते स्वतःच रेझिनच्या साखळ्यांना जोडलं जाऊन कडक होणाऱ्या जाळ्याचा भाग होतं. जास्त झालं तर अमाइन उरतं, कमी पडलं तर रेझिन उरतं, दोन्हीकडून माल मऊच राहणार. लवकर सेट करायचं तर फास्ट हार्डनर वेगळा मिळतो तो घ्या, माप बदलू नका. आणि 2:1 हे माप आकारमानाचं आहे हां, हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो म्हणून वजनकाट्यावर करणार असाल तर कंपनीने दिलेलं वजनाचं माप बघा, ते वेगळं असतं. होडीचा पॅच अजून घट्ट आहे. जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी मस्त धरते, उलट इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर) नीट धरत नाही, तेव्हा वरून काय मारायचं ते आधी ठरवा.

मे महिन्यात टेबल केलं. तेव्हा त्रास गरमीचा. साधारण दर 10 अंशाला रिअ‍ॅक्शनचा वेग दुप्पट होतो असं धरून चाला, म्हणजे डब्यावर 30 मिनिटं पॉट लाइफ (मिसळल्यावर वापरता येईल एवढा वेळ) लिहिलंय तर 35 अंशाला निम्मीच हातात. त्यात जाळं जुळताना उष्णता सुटते, मगात माल खोल असला की ती बाहेर पडत नाही, माल आणखी तापतो, आणखी वेग घेतो आणि बघता बघता तो मग हातात धरवत नाही, वर धूर. मिसळून झालं की पसरट ट्रेमध्ये ओतायचं, काम आरामात होतं. लाकडावरचे बुडबुडे हा दुसरा वैताग, सकाळी कोट मारला की दिवसभर लाकूड तापतं, आतली हवा फुगून वर येते. दुपार कलल्यावर लाकूड गार व्हायला लागलं की मारा, बुडबुडे कितीतरी कमी.

आता पाऊस. गोव्यात घरातली सगळी रंगरंगोटी चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) झाली पाहिजे असा नियमच, म्हणजे नेमकी सगळ्यात दमट हवा. चौरंगाला रात्री कोट मारला, सकाळी हात फिरवला तर वर मेणचट थर, काचेची चकाकी गेलेली, थोडं पांढुरकं. घरच्यांचं म्हणणं, सुकलं नाही, उन्हात ठेव. पण नखाने दाबलं तर खाली कडक होतं! हा अमाइन ब्लश. पृष्ठभागावरचं अमाइन रेझिनशी जुळायच्या आधी हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पकडतं आणि त्याचं कार्बामेट बनून वर साचतं. बरेच जण सरळ सँडपेपर मारतात, तो पेपर तर गच्च भरतोच, वर तो थर पसरतो आणि पुढचा कोट सोलून निघतो. थिनरचीही गरज नाही. हा थर पाण्यात विरघळतो, साधं कोमट पाणी आणि भांड्याची हिरवी घासणी, नीट पुसून वाळवायचं आणि मगच सँडिंग. चौरंग तसाच केला, चवथीत त्यावर समईचं तेल सांडलं, ओली फुलं पडून राहिली, डाग नाही. आता पावसात काम असेल तर खिडक्या बंद खोलीत, ब्लश कमी येणारा हार्डनर घेऊन. थोडा महाग पडतो.

टेबलाबद्दल एक नाराजी. पेजेचं गरम पातेलं कुणीतरी थेट ठेवलं आणि गोल ठसा उमटला. घरच्या तापमानाला क्युअर (पूर्ण कडक) झालेली इपॉक्सी बहुतेक वेळा 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते, जाहिरातीत हीटप्रूफ लिहिणाऱ्यांनी हे जरा सांगायला हवं. आता टेबलावर नेहमी लाकडी ठोकळा असतो.

मागचं दार पश्चिमेला. तिथे नुसती इपॉक्सी मारून सोडू नका, बिस्फेनॉल-ए वाली, म्हणजे नेहमीची इपॉक्सी उन्हात पिवळी पडते आणि पुढे खडूसारखी भुकटी सुटते. वर अ‍ॅलिफॅटिक टू-पॅक पीयू (हार्डनर मिसळायचं पॉलियुरेथेन वॉर्निश) मारलं, अजून ठीक आहे. पीयूच्या हार्डनरचं झाकण मात्र पावसात लगेच घट्ट लावा, त्यातलं आयसोसायनेट हवेतला ओलावा घेतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो, डबा फुगतो आणि आत जेली. पीयू मारताना मास्कही साधा कापडी नको, दम्याचा त्रास होऊ शकतो. इपॉक्सीला नायट्राइलचे ग्लव्हज हवेतच, कारण त्वचेला एकदा अ‍ॅलर्जी बसली की ती सहसा जात नाही. हाताला लागलं तर साबण, थिनरने पुसलं तर आणखी आत जातं.

रेझिनच्या डब्यात थंडीत पांढरे दाणे दिसले तर फेकू नका, गरम पाण्यात डबा ठेवला की परत पातळ होतं. हार्डनर जुना झाला की लालसर होतो, क्लिअर कामाला तेवढा टाळायचा, होडीच्या तळाला बिनधास्त वापरा. पैशाच्या मानाने किटला पाचातले चार देईन, एक कापला तो हीटप्रूफसाठी.